पांढरी रेघ

धक्क्यावर एक पांढरी रेघ होती. तिच्या अलीकडे माल आपटला तर भरपाई जहाज कंपनीची, पलीकडे आपटला तर रेल्वेची. यंत्राची अवजड पेटी आदळून पडलेली होती ती नेमकी रेघेवर. जो उचलेल त्याच्याच गळ्यात पडेल, म्हणून पेटीला कुणी हात लावेना. खटला मात्र वरच्या वरच्या कोर्टात चढत गेला.

जहाज कंपनीचे कारकून आणि रेल्वेचे मालबाबू दर तारखेला कोर्टात एकाच बाकावर बसायचे. दोघांचे केस त्या बाकावरच पिकले. शेवटी वरच्या कोर्टाने सांगून टाकलं, फेरविचाराची गरज दिसत नाही. खालचा निकाल कायम. पेटी जास्त करून अलीकडे आहे, तेव्हा जहाज कंपनीने भरावं.

"सुटलो एकदाचे," मालबाबू म्हणाले.

"तुम्ही सुटलात. मला अजून साहेबांना तोंड दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी दोघांच्या देखत क्रेनने पेटी उचलली. दोघांनी वाकून पाहिलं. रेघ पेटीच्या एका कडेपर्यंत आली होती आणि दुसऱ्या कडेपासून पुढे गेली होती. मधल्या जागेत रंगाचा ठिपकाही नव्हता.

"म्हणजे पेटी आधी पडली," मालबाबू हळूच म्हणाले. "रेघ नंतर मारलीय."

कारकुनांनी आपल्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला.



मग त्यांनी क्रेनवाल्याला हात केला, "ठेव बाबा परत. होती तिथेच."