बंद नळी

"फुंकून दे की अक्का. यापरीस भट्टी गार असती."

दस्तगीरच्या दोन्ही हातांना खांद्यापर्यंत पट्ट्या होत्या. दवाखान्यात त्याला पेज भरवताना सोनाक्काला हसू आलं नाही.

ॲल्युमिनियमचं भंगार वितळवणाऱ्या कारखान्यात तो भट्टी सांभाळायचा आणि ती भंगार निवडायची. तापलेल्या रसात पाणी गेलं की भडका उडतो, म्हणून प्रत्येक बंद नळी ती कानाशी हलवून पाहायची आणि आत पाणी वाजलं की बाजूला काढायची. गाड्यांच्या कारखान्यांची मागणी वाढल्यापासून भंगाराच्या एका ट्रकाऐवजी रोज तीन येत होते. तिला मात्र दोन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नव्हते. काम जाईल म्हणून ती कुणाला बोलली नाही. दोन वर्षांत एकदाही भडका उडाला नाही, तेव्हा नळीच्या वजनावरूनच आपल्याला कळतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. परवा तिने दिलेली नळी भट्टीत फुटली.

"साहेबांना सांगितलंय मी," दस्तगीर म्हणाला. "अक्काचा कान चुकायचा न्हाई. माझीच पळी ओली असंल."

तिने वाटी खाली ठेवली. "बारीक आवाज मला ऐकूच येत न्हाई रं. दोन वर्सं झाली. तुझं हात म्या जाळलं."



"ठावं हाय मला. तू दिलेली हरेक नळी मी परत हलवून बघायचो. परवा माल लई हुता, तेवढी एक राहिली."