चार इंच

शेखरने आईची काठी गाडीला लावून उभी धरली आणि वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिले. काठीवर विळ्याने पाडलेली एक खाच होती. ओढ्यातला कातळ नेमका तिथवर येत होता. तीन दिवस, तीन वेळा मोजून त्याने ती खाच पाडली होती. गाडीचे पोट खाचेच्या तीन बोटे खाली होते.

"दोन इंच वाढवून भागणार नाही," गॅरेजवाला किशोर टेप गुंडाळत म्हणाला. "माणसं बसली की गाडी खाली बसते. घासलंच. चार इंच घ्या, आणि टायर एक नंबर मोठे."

"टायर कंचे?"

"चिखलात मड टायर भारी ओढतात. पण डांबरीवर हादरे फार. कोण बसणार गाडीत?"

शेखरने मागे पाहिले. गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची आई, सारजाबाई, बसली होती. डाव्या दंडाखाली पट्टी होती आणि तो हात तिने मांडीवर जपून ठेवला होता. बावधनच्या दवाखान्यात डायलिसिस करून दोघे परत निघाले होते. आठवड्यातून दोन बाऱ्या, सोमवार आणि गुरुवार.

"साधेच घ्या मग. ऑल-टेरेन, चिखल-डांबरी दोन्हीकडे चालणारे," किशोर म्हणाला.

सारजाबाई सकाळपासून एकच वाक्य बोलली होती. घरापासून ओढ्यापर्यंत ती काठी टेकत चालत येई. गाडी कातळावरून जात नसे, म्हणून पाण्यातून तिला झोळीत घालून चौघे पलीकडे आणत आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीत ती आपली आपण चढे. आज काठावर एक परकी बाई गवताचा भारा घेऊन उभी होती. झोळी पाहून तिने भारा खाली टाकला आणि मयताला जोडतात तसे हात जोडले. झोळीतून उतरल्यावर सारजाबाई म्हणाली, "ही शेवटची बारी. आता मी यायची न्हाई."

डॉक्टरांनी शेखरला एकदाच विचारले होते, बारी चुकवली तर काय होते ते ठाऊक आहे ना. त्याला ठाऊक होते.

शेजारी एक उंच केलेली गाडी उभी होती. तिचा मालक वेदांत मारुंजीला राहायचा, कंपनीत होता, शनिवारी-रविवारी ताम्हिणीकडे गाडी घालायचा. तो उत्साहाने पुढे आला. "दादा, फोर इंचच घ्या. माझी बघा ना. लुकच बदलतो गाडीचा."

"लुक न्हाई, धोंडा बघायचाय," शेखर म्हणाला.

"मग काकूंना बसवून बघा की हिच्यात. सेम हाइट येणार तुमची."

त्याने दार उघडले. सारजाबाई उठली. दाराची मूठ धरून तिने पाय उचलला. पाय उंबऱ्याच्या चार बोटे खाली थांबला. तिने तो टेकवला, दम घेतला, पुन्हा उचलला. या वेळीही पाय तिथेच अधांतरी राहिला आणि मग खाली आला.

शेखरच्या हातात काठी तशीच होती. कातळ त्याने तीन वेळा मोजला होता. आईचा पाय एकदाही मोजला नव्हता.

"मी उचलू का, काकू?" वेदांतने हात पुढे केले.

"हात लावू नगंस."

तो मागे सरला.

"बाजूला पायरी बसवू," किशोर म्हणाला.

"पायरी खाली लोंबंल. वढ्यात दोनी अंगाला कातळच हाय. पहिल्याच दिशी उपटून निघंल."

किशोरने आतून लोखंडी स्टूल आणले. सारजाबाईने त्यावर एक पाय ठेवला, भार दिला आणि लगेच काढून घेतला. डायलिसिसच्या दिवशी तिला उभ्या जागी भोवळ येई. "हलतंय," ती म्हणाली. मग शेखरकडे न पाहता, "ऱ्हाऊ दे. कशाला पैसं घालतुयास? मी न्हाईच येणार."

शेखरने स्टूल उचलून बाजूला ठेवले. काठी गाडीला टेकवली. मग तो दारापाशी, ऑइलने काळ्या झालेल्या फरशीवर, एक गुडघा टेकून बसला. दुसरी मांडी त्याने आडवी धरली आणि त्यावर हात थोपटला.

"ह्ये हलत न्हाई."

"उठ शेखर. लोक बघत्यात."

"सकाळी वढ्यावरबी बघतच व्हते, आये."

गॅरेजमधली हवेची मशीन बंद पडली होती. कोणी ती पुन्हा सुरू केली नाही. वेदांत मोबाइलमध्ये पाहू लागला, पण त्याचे बोट हलत नव्हते.

सारजाबाईने उजव्या पायातली वहाण काढली. ती नीट कडेला ठेवली. मूठ धरून तिने अनवाणी पाय लेकाच्या मांडीवर दिला. तिचे वजन शेखरला धान्याच्या अर्ध्या पोत्याइतकेही वाटले नाही. मग दुसरा पाय वर गेला आणि ती सीटवर बसली.

माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, ही तिची जन्माची सवय. ती लगेच वाकली. हात मांडीपर्यंत पोचेना. गाडी फार उंच होती. हात शेखरच्या डोक्यावर टेकला. तीच बोटे तिने कपाळाला लावली.

तिने पदर सावरला आणि वरूनच किशोरला विचारले, "सोमवारी माझी बारी हाय. तवर गाडी हुईल का रं?"