एक इंच

"टेसा, सीट कसल्या बांधतेस? नुसती चक्कर मारायचीय!" शोरूमबाहेर, चालवून बघायला दिलेल्या नव्या मिनीव्हॅनच्या स्टिअरिंगमागे बसलेले सासरे ओरडले. मोठीची सॉकरची मॅच अर्ध्या तासावर आली होती, मधला भुकेने रडत होता. मी मात्र जुन्या गाडीतून काढून आणलेल्या मुलांना बांधून बसवायच्या तिन्ही सीट गुडघा रोवून आवळत होते. बांधलेली सीट एका इंचाहून जास्त हलता कामा नये, असा नियम. बाळाची तीन इंच सरकली. "एवढं चालतं, मॅडम," सेल्समन हसला. "आमची पाच पोरं मागे मोकळी लोळायची," सासरे म्हणाले, "काही झालं?" पाचवं पोर म्हणजे माझ्या शेजारी उभा असलेला माझा नवरा. मी त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले. लहानपणी मागून उडून डॅशबोर्डवर आपटल्याचा व्रण सगळ्यांनी पाहिला. सासऱ्यांच्या हातातली किल्ली काढून मी सेल्समनला दिली. "दुसरी दाखवा." "अहो, आधी चालवून तर बघा!" बाळाची सीट मी कडेवर घेतली. "बघितली की."