काळी बी

"काका, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. माझी बी काळीच पडणार," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी कपातला उरलेला चहा चाफ्याच्या बुंध्याशी ओतला.

माळीकाकांनी मान डोलावली. चाफ्याला चहा चालत नाही, हे ते बोलले नाहीत. झाड त्यांच्या बायकोने लावलेलं होतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली तरी पहिलं भांडं पाणी अजून चाफ्यालाच जायचं.

"आणि तुमची तर काय, काळीच!" अध्यक्ष हसले.

"माझी दुसरी कुठली असणार, दादा?"

वस्तीच्या मंडळात हात वर करून मत द्यायची पद्धत नव्हती. पूर्वी होती. पण एका ठरावाच्या वेळी कोणी हात वर केला आणि कोणी नाही यावरून दोन सख्खे साडू वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून घेवड्याच्या बिया आल्या. प्रत्येकाला एक पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. हवी ती मुठीत लपवून डब्यात टाकायची, दुसरी खिशात. बिया काकांच्याच वेलांच्या असत.

या वेळचा ठराव शाळेचा होता. शाळेला तीन नवे वर्ग मंजूर झाले होते. महिनाअखेरपर्यंत जागा दाखवली नाही तर मंजुरी जाणार होती. आणि वस्तीत मोकळी जागा एकच, बाग. जमीन देणाऱ्याने मात्र दानपत्रात लिहून ठेवलं होतं की बागेचं दुसरं काही करायचं तर मंडळाचे नऊच्या नऊ सभासद राजी हवेत. काकाही त्या नऊंपैकी एक होते. एक काळी बी निघाली की ठराव संपला.

बाग गेली तर कोपऱ्यातली काकांची खोलीही जाणार होती. मग जावयाच्या घरी, जिन्याखालच्या खाटेवर. लेक बोलवायची मायेने, पण जावई दार उघडताना आधी पिशवीकडे बघायचा. किती दिवसांचे कपडे आणलेत ते.

आठवडाभर एकेक सभासद बागेत येऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझे अर्धे पेशंट तुमच्या बागेत चालून बरे होतात. काळी." शिंपी म्हणाला, "काका, आईची शपथ, काळी!" दोघे साडू वेगवेगळ्या वेळी आले आणि एकच वाक्य बोलून गेले. असे सात जण झाले. काका रोज संध्याकाळी चाफ्याखाली बसून बोटं मोजत आणि देवाचे आभार मानत. एका काळीनं भागणार होतं. त्याने सात दिल्या होत्या.

आठव्या आल्या त्या शाळेच्या मोठ्या बाई. बाकावर टेकल्यासुद्धा नाहीत.

"काका, तोंडदेखलं बोलायला मला जमत नाही. माझी पांढरी असेल. पत्र्याखाली साठ मुलं बसतात. परवा दोघींना भोवळ आली."

"बसा तरी बाई."

"रागावलात?"

"छे हो. तोंडावर सांगायला आलात, हेच किती झालं." काकांनी ओंजळभर चाफा त्यांच्या पदरात घातला. "उद्या सगळ्यांच्या काळ्या निघाल्या तर वाईट वाटून घेऊ नका."

"वाटणारच. माझी एकटीची पांढरी बघून साडूमंडळी महिनाभर दात काढतील." बाई हसल्या, पण डोळे पुसत गेल्या.

काका बराच वेळ फाटकाशी उभे राहिले.

रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत सभा भरली. काका वाफ्यातून तसेच आले होते.

"अहो, हात तरी धुवायचे! सगळ्या डब्याला चिखल कराल," शिंपी म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले, हात धोतराला पुसले आणि बी टाकून जागेवर बसले.

मोजायचं काम बाईंकडे होतं. त्या डब्यात हात घालून एकेक बी काढत आणि टेबलावर ठेवत.

"पांढरी."

ही बाईंचीच, काकांना वाटलं.

"पांढरी."

काकांनी मान वर केली.

"पांढरी. पांढरी."

डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. शिंपी पंख्याकडे बघत होता. दोघे साडू पहिल्यांदाच एकमेकांना टेकून बसले होते.

"पांढरी." बाईंचा आवाज चढत होता. "पांढरी. पांढरी."

आठवी पांढरी टेबलावर आली तेव्हा खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. काका एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होते. जसं कोणी गर्दीत आपलं माणूस शोधावं.

अध्यक्षांनीच घसा साफ केला.

"असो. लोकांना शाळा हवी आहे, एवढं दिसलं. पण कायदा तो कायदा. एक काळी उरलीच आहे, ती कोणाची हे सांगायला नको." त्यांनी काकांच्या खांद्यावर थोपटलं. "वाचली हो तुमची बाग! बाई, लिहून टाका, ठराव फेटाळला."

"काढते तरी," बाई पुटपुटल्या. त्यांनी डबा तिरका करून तळाशी चिकटलेली शेवटची बी नखाने सोडवली आणि तळहातावर घेतली.

बी पांढरी होती. तिला ओली माती लागलेली होती.