बाजूनं बघणाऱ्यासाठी

धम्मदीपाने लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला. सांगाडा करकरला. तिने तो परत टेबलावर ठेवला.

"हा नको."

"मॅडम, चाळीस हजारांत एवढा करकरणारच," दुकानदार निरंजन म्हणाला. "वर बॅग फुकट आहे."

"आमच्याकडच्या रस्त्यांवर बॅग टिकेल. आतला टिकणार नाही."

भूगावातल्या त्या दुकानात ती तासाभरापासून होती. साठ हजारांच्या आतले चार लॅपटॉप तिने काढायला लावले होते. झाकण उघडून बिजागरी बघायची, मग बटणांच्या मधोमध अंगठा दाबायचा. खचलं की बाजूला. आता दोन उरले होते. चपला बाहेर काढून गोजराबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सकाळी धम्मदीपा स्कूटर घेऊन त्यांच्या दारात गेली होती आणि "आजी, चला, भूगावला काम आहे" एवढंच म्हणाली होती.

"मला काय कळतंय गं त्यातलं," गोजराबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"तुमचंच काम आहे."

धम्मदीपा पौडला एका खासगी मोजणीदाराकडे नकाशे काढायची. कागदावर नुसत्या रेघा आणि आकडे असत. शेत दिसायचं ते पडद्यावरच. गोजराबाई आणि त्यांचे दीर भिकू यांच्या वाटणीचा नकाशा तिने मंगळवारी शेतात, जुना लॅपटॉप हातावर धरून सगळ्यांना दाखवला होता. "बरोबर हाय," गोजराबाई म्हणाल्या होत्या. धम्मदीपाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, तर पडदा काळा होता. तो मघाशीच बंद पडला होता. सोमवारी त्याच नकाशावर सह्या व्हायच्या होत्या.

तिने उरलेल्यांपैकी एकाला पेन ड्राइव्ह लावला. ड्रोनने वरून काढलेलं शेत उघडलं. भाताची खाचरं, उंबर, विहीर, आणि मधून तिने काढलेली लाल रेघ.

"आजी, इथं या. माझ्या बाजूला उभ्या राहा."

"मॅडम, लॅपटॉप समोर बसून बघतात," निरंजन म्हणाला.

"मी समोरच बसते. ज्यांची जमीन असते ते बाजूला उभे असतात. आजी, दिसतंय का?"

"व्हय."

"काय दिसतंय?"

गोजराबाईंनी एकदा निरंजनकडे बघितलं. "हिरवं हाय. बरोबर हाय की."

धम्मदीपा उठली. गोजराबाईंच्या जागी, त्यांच्या उंचीला वाकून तिने पडद्याकडे बघितलं. लाल रेघ हिरव्यात बुडून गेली होती. तिने झाकण लावलं.

"हाही नको."

शेवटचा अठ्ठावन्न हजारांचा होता. पत्र्याचं झाकण, न चमकणारा पडदा. बटणं दाबली तरी खचत नव्हती. तिने पेन ड्राइव्ह लावून फोटो उघडला आणि लॅपटॉप उचलून दाराकडे चालू लागली.

"मॅडम, बाहेर नका नेऊ. डिस्प्लेचा पीस आहे."

"शेतात डोक्यावर स्लॅब नसतो."

दुकानाच्या पायरीवर दुपारचं ऊन होतं. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. गोजराबाई शेजारी उभ्या राहिल्या. या वेळी धम्मदीपाने काही विचारलं नाही. रस्त्यावरून खडीचा एक डंपर गेला, मागून दुसरा गेला.

गोजराबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला, केस बोटांनी दाबले आणि त्या वाकल्या.

"ह्यो आमचा उंबर."

"हो."

"न् ही हीर." त्या आणखी वाकल्या. "हीर त्या अंगाला कशी गेली?"

"भिकूकाकांनी काठीनं दाखवला तो बांध धरलाय मी."

"त्यो पान्याचा बांध. भातात पानी अडवायला घातल्याला. वाटणीचा बांध उंबराच्या पल्याड हाय. हीर माज्यात येती."

धम्मदीपाने आपल्या लाल रेघेकडे बघितलं. दोन बांधांपैकी वाटणीचा कुठला, हे तिने एकाच माणसाला विचारलं होतं.

"मंगळवारी तुम्ही बरोबर म्हणालात, आजी."

"समदी उभी व्हती. तू शिकल्याली. मला न्हाई दिसत म्हनून तुला कसं सांगू?"

निरंजन दारात येऊन उभा राहिला होता.

"आता दाखवा," धम्मदीपा म्हणाली. "कुठून जायला पाहिजे?"

"मावशी, हात नका..." निरंजन म्हणेपर्यंत गोजराबाईंचं बोट पडद्यावर टेकलं होतं. वरच्या ओढ्यापासून निघून ते उंबराच्या पलीकडून गेलं, विहिरीला वळसा घालून खालच्या रस्त्याला येऊन थांबलं. केसांच्या तेलाची रेघ मागे राहिली.

"हितनं," त्या म्हणाल्या.

धम्मदीपाने पडदा उन्हाकडे वळवून बघितला, मग सावलीकडे. दोन्ही रेघा दिसत होत्या.

"हाच द्या. बिल करा."

"सीलबंद देतो ना, मॅडम. हा सगळ्यांनी हाताळलेला."

"तपासलाय तो हा."

निरंजनने खांदे उडवले. खिशातून मऊ कापड काढून तो पायरीवर वाकला.

"पुसू नका," धम्मदीपा म्हणाली. "रेघ तिथूनच काढायचीय."