वाकड्या दातांचं बिट

"हे बिट आहे की म्हाताऱ्याची कवळी?" सुनेनं बनवलेलं, बोअरच्या पाइपच्या टोकाला लावून खडक फोडायचं नवं बिट हातात फिरवत सरूबाईंनी विचारलं. बोअरच्या गाडीभोवतीची माणसं खदाखदा हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो त्यांचाच मुलगा, पोपट.

"दात मुद्दाम वाकडेतिकडे बसवलेत, आई," वैजयंता म्हणाली. "सरळ ओळीत असले की दर दणक्याला जुन्याच खड्ड्यांत पडतात. नवा खडक फुटतच नाही."

"आज अडकलं, तर पुन्हा आपल्या वर्कशॉपची पायरी चढायची नाही," पोपटनं बायकोला बजावलं.

बोअर सुरू करायच्या आधी नारळ फोडतात. सरूबाईंनी तो मांडीवरच ठेवला. "आधी याला दगड फोडू दे. नारळाचं मग बघू."

दणदणाट सुरू झाला. काळ्या खडकाचा भुगा आभाळात उडाला. आणि अचानक सगळं थांबलं.

"अडकलं!" पोपट जवळजवळ नाचलाच. वैजयंताचा चेहरा उतरला. सरूबाई नारळ घेऊन उठल्या आणि गाडीकडं निघाल्या.

ऑपरेटर वैतागून खाली उतरला. "अडकलं कुठलं? बिट इतकं खोल गेलं की जोडायला पाइपच संपले! निम्मेच कुणी भरले गाडीत?"

"मला वाटलं, एवढेही लागायचे नाहीत," पोपट पुटपुटला.

बोअर ज्याच्या मळ्यात चाललं होतं, तो मालक पुढं आला. "सरूबाई, कुणी बनवलं हो हे बिट?"

"माझ्या सुनेनं," सरूबाई कडाडल्या. वैजयंताचे डोळे भरून आले, तशा त्या घाईनं पुढं म्हणाल्या, "आणि सून पसंत केली कुणी? हा पोपट तर नको म्हणत होता!"