जादा किल्ली

रेडिओ दुर्बिणीच्या डिशवर चढणाऱ्याने मोटरची किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे खालून कुणी डिश फिरवणार नाही, हा नियम मेकॅनिकमामांनीच घालून दिलेला. आज खुंटीवर किल्ली नव्हती. “गेले वाटतं मामा पुन्हा किल्ली घेऊन घरी! विसरभोळा स्वभाव, दुसरं काय!” संशोधिका करवादली आणि तिने खणातली जादा किल्ली लावली. तिची दीर्घिका मावळण्याआधी तिच्यातल्या हायड्रोजनचा क्षीण संकेत टिपायचा होता. तिथे अजून तारे जन्मतात का, ते त्यावरूनच कळणार. डिश कलू लागली, तोच पडद्यावरच्या आलेखात सुळके उसळले. “कुणा मेल्याचा वॉकी-टॉकी चालू आहे?” तिने सुळके पुसून टाकले. पुन्हा उठले, आणखी दाटीवाटीने, आणि एकाएकी थांबले. “सुटले एकदाची!” ती खुर्चीत रेलली. चहा घेऊन सहकारी आत आला. “ताई, मामा अजून वर आहेत? चपला शिडीखाली दिसल्या.”